विंडोजवर लिनक्स, काही महिन्यांनी: सगळं मस्त, फक्त त्या ७७७ चं काय करायचं?

वेगळ्या लॅपटॉपचा खर्च नको म्हणून आहे त्याच विंडोजवर डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) टाकलं. फुकट आहे, झटकन चालू होतं, उबुंटूही (लिनक्सचाच एक प्रकार) अस्सल मिळतं. लिहायला बसलोय ते फाइल परमिशनमुळे, म्हणजे फाइल कोण वाचू, बदलू, चालवू शकतं ते सांगणाऱ्या आकड्यांमुळे; ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं.

परवा रात्री सर्व्हर अडकला होता, लगेच आत शिरायचं होतं. एसएसएचची की (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायची गुप्त फाइल) सी ड्राइव्हवर. उत्तर आलं: परमिशन ०७७७, फारच मोकळ्या, ही की चालणार नाही. परमिशन बदलणारं सीएचमॉड ६०० दिलं (फक्त मालकाला वाचता-लिहिता यावं म्हणून), बघायला एलएस मारलं, पुन्हा ७७७! तिकडे क्लायंटचे फोनवर फोन.

विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टमवर मालक-ग्रुप-इतर असे बिट नसतात, तिथे एसीएल (कोणाला काय हक्क याच्या याद्या) चालतात. म्हणून सी ड्राइव्हवरची साधी फाइल मूळ सेटिंगमध्ये सगळ्यांना सगळं खुलं अशी दिसते. उपाय आहे: ईटीसीमधल्या डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये ऑटोमाउंटखाली मेटाडेटा (लिनक्सच्या परमिशन विंडोजच्या फाइलीसोबत साठवणारा पर्याय), युमास्क २२, एफमास्क ११ (कोणते हक्क काढायचे ते) लिहायचं आणि डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून उघडायचं. तरी की ७४४ दिसते (इतरांनाही वाचता येते), म्हणजे ६०० पुन्हा द्यावंच लागतं. आता मात्र ते टिकतं. मग मेटाडेटा आधीपासूनच चालू का नाही देत?

त्याआधी गिटनेही (कोडमधले बदल नोंदवणारं टूल) छळलं होतं. लिनक्सच्या होममधला प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर कॉपी केला आणि स्टेटसमध्ये जवळपास सगळ्या फाइली बदललेल्या. डिफमध्ये कोडची एक ओळ हललेली नाही. जुना मोड १००६४४, नवा १००७५५, बस्स, म्हणजे फरक फक्त परमिशनचा. कोअर डॉट फाइलमोड हे गिटचं सेटिंग फॉल्स केल्यावर गप्प झालं.

तेव्हा दोनच तारे देणार होतो. पण सगळा कोड लिनक्सच्या होममध्ये हलवला आणि मत बदललं. तिथे लिनक्सची स्वतःची फाइल सिस्टम ईएक्सटी-४ आहे, सीएचमॉड सांगितलं तसं वागतं, शिवाय एनपीएम इन्स्टॉल (जावास्क्रिप्टची पॅकेजं टाकणं) कितीतरी वेगाने होतं.

विंडोजच्या पायथनवर टेस्ट चालवणाऱ्यांनी मात्र जपा. लिनक्समध्ये फोल्डरवर लिहिण्याचा हक्क असला की आतली रीड-ओन्ली फाइलही उडवता येते. विंडोज अडवतं. गिटच्या ऑब्जेक्ट फाइली रीड-ओन्लीच असतात, त्यामुळे क्लोन केलेलं टेम्प फोल्डर आरएमट्रीने (अख्खं फोल्डर पुसणारं पायथनचं फंक्शन) पुसताना परमिशन एरर येतो. आधी रीड-ओन्ली काढून पुन्हा पुसणारं छोटं फंक्शन जोडावं लागतं, पायथन ३.१२ पासून ते आरएमट्रीच्या ऑनएक्ससी या पर्यायाला द्यायचं, ऑनएररला नाही.

चार तारे. मेटाडेटा आपोआप चालू मिळेल त्या दिवशी पाचवा देईन.