पीएचडीसाठी रवांडा की दक्षिण आफ्रिका? शाळा, इतिहास आणि आठवणींच्या वादावर काम करायचंय त्यांच्यासाठी

आफ्रिकेतल्या राजकारणावर, त्यातही एवढ्या हिंसेनंतर शाळेत इतिहास कसा शिकवतात आणि मेलेल्यांची आठवण कोणी कशी ठेवायची यावर पीएचडी करायची म्हटलं की आपल्याकडच्या मुलामुलींपुढे बहुतेक वेळा ही दोनच नावं उरतात. एप्रिल १९९४ मध्ये रवांडात बहुसंख्य हुतूंमधल्या कट्टरपंथीयांनी अल्पसंख्य तुत्सींचा नरसंहार सुरू केला आणि त्याच महिन्याच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेत सगळ्यांना मत असलेली पहिली निवडणूक झाली, त्यामुळे दोन्ही नावं एका दमात घेतली जातात. पण तिथे जाऊन संशोधन करणं ही अगदी वेगवेगळी कामं आहेत. माझं मत आधीच सांगतो, पहिलीच पीएचडी असेल आणि हातात चारपाच वर्षंच असतील तर दक्षिण आफ्रिका घ्या. का ते पुढे.

विषय शाळेचाच असेल तर रवांडाइतकी धारदार केस मला तरी दुसरी माहीत नाही, हे मान्य. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर हुतू, तुत्सी, त्वा असं (तिथल्या तीन समाजगटांची नावं) लिहायला सुरुवात केली आणि ते स्वातंत्र्यानंतरही तसंच चालू राहिलं. शाळेत मास्तर सांगायचे, हुतूंनी उभं राहा, आता तुत्सींनी उभं राहा, आणि मोजणी व्हायची, पुढच्या शाळेतल्या जागा कोट्याने वाटल्या जायच्या. वाचलेल्यांच्या साक्षींत हा प्रसंग परत परत येतो, की आपण कोण हे घरी कोणी सांगितलंच नव्हतं, मैत्रिणीबरोबर उभं राहिले तर मास्तर म्हणाले घरी विचारून ये. मुरांबीला तर टेक्निकल शाळेच्याच इमारती होत्या, आसऱ्याला म्हणून हजारो लोक तिथे जमले होते आणि तिथेच मारले गेले, नंतर त्याच वर्गखोल्यांत चुना लावून जपलेले मृतदेह ठेवून स्मारक केलं. २०२३ मध्ये मुरांबी, न्यामाता, गिसोझी आणि बिसेसेरो ही चार स्मारकं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. १९९४ नंतर शाळांत रवांडाचा इतिहास शिकवणंच कित्येक वर्षं थांबवलं होतं, २००८ मध्ये फ्रेंच जाऊन इंग्रजी माध्यम करायचं ठरलं, २०१५ च्या अभ्यासक्रमात नरसंहाराचा अभ्यास आणि शांतता शिक्षण आलं. एका पीएचडीला पुरून उरेल एवढं मटेरियल आहे.

सोयीपण आहेत. देश छोटा, राजधानी किगालीत रात्री एकटं चालता येतं, आणि जवळजवळ सगळा देश किन्यारवांडा बोलतो, म्हणजे एक भाषा नीट शिकलात की मंत्र्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांशी बोलता येतं. फक्त ती खरंच शिका, दुभाषा घेऊन या विषयावरच्या मुलाखती करू नका, तिसरा माणूस खोलीत बसला की समोरचा वेगळंच बोलतो.

अडचण कुठे येते बघा. सरकारची भूमिका अशी की आता सगळे फक्त रवांडन, आणि २००८ पासून ‘जेनोसाइड आयडिऑलॉजी’ म्हणजे नरसंहाराच्या विचारसरणीविरुद्ध कायदा आहे. रेडिओवरून माणसं मारायला चिथावलेला देश आहे तो, नरसंहार झालाच नाही म्हणणारे लोक आजही आहेत, तेव्हा असा कायदा का आला हे समजतं. पण त्याच कायद्याची व्याख्या इतकी सैल होती की २०१३ मध्ये तो बदलावा लागला, २०१८ मध्ये पुन्हा बदलला, आणि आरपीएफच्या (नरसंहार थांबवून सत्तेत आलेला आणि आजही सत्तेत असलेला पक्ष) सैन्याने मारलेल्या माणसांबद्दल उघड बोलणं अजूनही अवघडच आहे. तुम्ही परवानगीपत्रं घेऊन जाता, एथिक्स कमिटी पार करता, गावातल्या अधिकाऱ्याला कागद दाखवता, सहा महिन्यांनी परत येता, पण तुम्हाला मनातलं सांगणारी बाई तिथेच राहते आणि तुमच्या प्रश्नाची किंमत मोजायची वेळ आली तर ती तिलाच मोजावी लागते. मला हा मुद्दा बाकी सगळ्याच्या वर वाटतो आणि पंचविशीतल्या नवख्या संशोधकावर हा भार टाकू नये असं मनापासून वाटतं.

दक्षिण आफ्रिकेत वाद उघड्यावर चालतात. वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ट्रुथ कमिशनच्या सुनावण्या एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडनला सुरू झाल्या, अत्याचार करणाऱ्यांचे माफीसाठी ७,११२ अर्ज आले आणि ८४९ जणांना माफी मिळाली, आणि त्या सुनावण्यांची ट्रान्सक्रिप्ट्स सरकारच्या साइटवर फुकट आहेत, नागपुरात बसून वाचा. विट्स (जोहान्सबर्गचं विटवॉटर्सरँड), वेस्टर्न केप या विद्यापीठांचे आर्काइव्हज चांगले आहेत. शाळेचा धागा इथेही आहे, काळ्या मुलांना वेगळं, खालच्या दर्जाचं शिक्षण देणारा १९५३ चा बांटू एज्युकेशन अ‍ॅक्ट, मग आफ्रिकान्समधून (गोऱ्या राज्यकर्त्यांची डचमधून आलेली भाषा) शिकायची सक्ती आणि १६ जून १९७६ ला सोवेटोत रस्त्यावर आलेली शाळकरी पोरं. २०१५ मध्ये केपटाऊन विद्यापीठातला ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सचा पुतळा विद्यार्थ्यांनी आंदोलन करून हलवायला लावला, २०१८ मध्ये सरकारी समितीने बारावीपर्यंत इतिहास सक्तीचा करा म्हणून सांगितलं, त्यावर शिक्षक तुमच्याशी नाव देऊन भांडतील.

तोटा म्हणजे गर्दी. तिथलेच अभ्यासक एवढे तयारीचे आहेत की तुम्ही नवीन काय सांगणार हे पहिल्या दिवसापासून विचारलं जाईल. भाषा बारा अधिकृत, इंग्रजीवर विद्यापीठात भागतं पण टाऊनशिपमधल्या (काळ्यांसाठी वसवलेल्या वस्तीतल्या) आजीशी बोलायला झुलू किंवा खोसा लागतेच. जोहान्सबर्गमध्ये जपून राहावं लागतं, किगालीसारखं नाही. आणि डर्बनला गेलात तर तुम्ही त्रयस्थ नसता, तिथे भारतीय वंशाचे लोक खूप आहेत. गोखले १९१२ मध्ये तिथे जाऊन आले, गांधींचा फिनिक्स आश्रम तिथलाच, तो १९८५ च्या दंगलीत जळाला, आणि जुलै २०२१ च्या दंगलीत त्याच फिनिक्स भागात काळ्या लोकांच्या हत्या झाल्या, त्यात आरोपी भारतीय वंशाचे होते. तिथे तुमचं आडनाव ऐकूनच लोक ठरवतात काय सांगायचं ते. मला तर वाटतं मराठी संशोधकाने हाच विषय घ्यावा, आपल्या माणसांनी काय सोसलं हे आपण खूप लिहिलंय, काय केलं हे फार कमी.

नोकरीचं थोडक्यात. भारतात मुंबई विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ, जेएनयू इथे आफ्रिकन स्टडीजची केंद्रं आहेत पण जागा मोजक्या, त्यामुळे राज्यशास्त्र किंवा शिक्षणशास्त्रातही बसेल असा प्रबंध लिहा. जेआरएफचे (यूजीसीची संशोधन फेलोशिप) महिना ३७,००० इथे राहायला पुरतात, फील्डवर्कला नाही, त्याची वेगळी तजवीज पहिल्याच वर्षी करा. रवांडावर टीकात्मक लिहिलंत तर पुन्हा परवानगी मिळेलच असं धरून चालू नका, म्हणजे सगळं करिअर एका सरकारच्या मर्जीवर टांगलं जातं. दक्षिण आफ्रिकेत तसं होत नाही.

एवढं वाचूनही रवांडाच हवं असेल तर आधी वर्षभर किन्यारवांडा शिका आणि तिथे स्वतः मुलाखती घेतलेला गाईड शोधा. नसेल मिळत तर मुलाखतींचा नाद सोडा आणि टांझानियातल्या अरुशाच्या, नरसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कोर्टाच्या नोंदींवर काम करा, ते कोर्ट २०१५ मध्ये बंद झालं तरी बरीचशी कागदपत्रं खुली आहेत आणि ती वाचल्याने रवांडातल्या कोणाचं काही बिघडत नाही.