आठ महिन्यांनंतर: गिअरबॉक्सचे कोड वाचणारा स्कॅनर

गाडी ऑटोमॅटिक, जुनी, आणि मला ती अजून बरीच वर्षं चालवायची आहे. मध्येच चेक इंजिन लाइट लागायची, गाडी तिसऱ्या गिअरला अडकून बसायची, बंद करून पुन्हा सुरू केली की नीट चालायची. तेव्हा माझ्याकडे ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर होता, गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावून मोबाइलवर दोषाचे कोड दाखवणारा. तो दर वेळी एकच कोड दाखवायचा, पी०७००. एका मेकॅनिकने तेवढ्यावर गिअरबॉक्स उतरवायला सांगितला.

पी०७०० ही नुसती वर्दी असते. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने, म्हणजे त्याच्या छोट्या कॉम्प्युटरने, आपल्याकडे एक दोष नोंदवला आहे, एवढंच तो इंजिनच्या कंट्रोलरला कळवतो. खरा कोड गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये असतो आणि माझा अडॅप्टर तिथवर पोचतच नव्हता. म्हणून हा हातात धरायचा स्कॅनर घेतला. घेण्याआधी एकच गोष्ट पाहिली: माझ्या गाडीच्या मॉडेलचा ट्रान्समिशन (गिअरबॉक्स) विभाग तो उघडतो का. तुम्हीही आधी हेच पाहा, बाकीची यादी नंतर.

पहिल्याच दिवशी पी०७१५ दिसला, म्हणजे इनपुट स्पीड सेन्सरचं सर्किट. इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये येणारा इनपुट शाफ्ट किती वेगाने फिरतो, हे तो सेन्सर मोजतो. इथे सेन्सर बदलून मोकळं व्हायचा मोह होतो. मी आधी फ्रीझ फ्रेम पाहिली. कोड पडला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान तिथे साठवलेलं असतं. दोन वेळच्या नोंदी इंजिन पूर्ण तापल्यावरच्या होत्या. मग शेजारी मित्राला बसवून लाइव्ह डेटा, म्हणजे चालत्या गाडीचे त्या क्षणाचे आकडे, लावला. इंजिन दोन हजारांवर, गाडी व्यवस्थित पळतेय, आणि इनपुटचा आकडा क्षणभर शून्य होऊन परत येतो. गिअरमध्ये चालत्या गाडीचा इनपुट शाफ्ट असा थांबूच शकत नाही. म्हणजे शाफ्ट फिरत होता, त्याची खबर वाटेत हरवत होती. माझ्या गाडीत हा सेन्सर बाहेरच्या बाजूला आहे. प्लग काढला तर एक पिन हिरवी पडलेली आणि सैल. साफ करून पिन घट्ट बसवली, वायर हलवत मल्टिमीटरवर सलगता तपासली. त्यानंतर पी०७१५ आलेला नाही. गिअरबॉक्स उतरवला असता तर ही पिन कुणाच्या नजरेत आली असती का, हा विचार अजून अस्वस्थ करतो.

कोड पुसण्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो. पुसण्याआधी सगळ्या स्क्रीनचे फोटो काढा. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते आणि गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. शिवाय आधी बॅटरीचं व्होल्टेज पाहून घ्या. बॅटरी मरतुकडी असली की कंट्रोलर भलतेच कोड नोंदवतात, त्यांच्या मागे लागून दिवस वाया जातात.

तक्रारी आहेतच. उन्हात स्क्रीन दिसत नाही. लाइव्ह डेटात आठ-दहा आकडे एकदम निवडले की वाचन इतकं संथ होतं की तो क्षणभराचा शून्य निसटला असता; तीन-चारच निवडावे. पी१ ने सुरू होणारे, म्हणजे कंपनीचे स्वतःचे कोड आले की बऱ्याचदा नुसता आकडा दिसतो, अर्थ नाही. तो गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये शोधावा लागतो. आणि यंत्र सॉकेटला लावून ठेवू नका, कारण सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला गाडी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो.

सहाव्या महिन्यात पी०७४१ पेंडिंग, म्हणजे अजून पक्का न झालेला, दिसला, तोही लाइट लागण्याआधीच. टॉर्क कन्व्हर्टर हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलच्या जोरावर जोडणारा भाग; त्याचा क्लच दोघांना थेट धरतो का, याचा हा कोड. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात, क्लच धरण्याचा हुकूम गेलेला असताना इंजिनचे आणि इनपुटचे आरपीएम जवळजवळ सारखे हवेत. माझ्याकडे दीडशेचा फरक होता. ऑइल काढलं तर काळपट, करपल्या वासाचं. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच नवीन भरलं, पातळी ठरलेल्या तापमानाला तपासली. आता फरक तीस-चाळीसवर आला आहे, पण लांब चढावर अजून शंभरच्या आसपास जातो. क्लचची झीज झालेली असणार, ती ऑइलने भरून निघत नाही. दर पंधरा दिवसांनी त्याच रस्त्यावर, त्याच वेगात हा आकडा वहीत लिहितोय. तो वाढायला लागला की कन्व्हर्टरचं काम काढेन, आणि मेकॅनिककडे जाताना वही बरोबर नेईन.