म्युझियममध्ये गट न्यायचाय? कोणती फेरी घ्याल?

ज्येष्ठ नागरिक संघाची सहल असो की सातवीचा वर्ग, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जायचं ठरलं की चौकशी होते ती तिकिटांची आणि बसच्या पार्किंगची. फेरी कशा प्रकारची हवी, हे क्वचितच कोणी विचारतं. मग तिसऱ्या दालनात निम्मा गट बाकांवर टेकलेला दिसतो.

व्याख्यानाची फेरी. मार्गदर्शक बोलतो, बाकीचे ऐकतात. तासाभरात दहा-बारा वस्तू सहज होतात. काळ, शैली, कोणत्या देवतेच्या हातात काय, हे नीट कळतं. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना हीच घ्या. रस्त्यापलीकडच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आधुनिक चित्रं पाहताना 1947 साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या चित्रकारांच्या गटाची पार्श्वभूमी कोणीतरी सांगावीच लागते. पण लघुचित्रांसमोर ही फेरी फसते. चित्र वहीच्या पानाएवढं आणि कागदावरचे रंग उडू नयेत म्हणून अशा चित्रांवर उजेड साधारण 50 लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं एकक), म्हणजे मंदच ठेवतात. पंचवीस जण उभे केले तर पुढच्या पाचांना चित्र दिसतं, मागच्यांना पुढच्यांची डोकी. लघुचित्रं पाहायचीच असतील तर सहा-सहांचे गट करा.

संवादाची फेरी. मार्गदर्शक आधी काहीच सांगत नाही. मिनिटभर गप्प राहून पाहू देतो, मग विचारतो: इथे काय चाललंय? असं कशावरून म्हणता? आणखी काय दिसतं? ही तीन प्रश्नांची पद्धत न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या कामातून पुढे आली. मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन आणि तिथल्या शिक्षण विभागाचे प्रमुख फिलिप येनावाइन यांनी ती घडवली. एका कलाकृतीला 12 ते 15 मिनिटं जातात, म्हणजे तासात चार. माणसं पंधराच्या वर नकोत.

शाळकरी मुलं, पहिल्यांदाच म्युझियममध्ये आलेली माणसं, वेगवेगळ्या वयांचं कुटुंब यांच्यासाठी आमचा कौल हिलाच. वस्तू मात्र मोठी आणि माणसांनी भरलेली निवडा. वस्तुसंग्रहालयातली परळच्या शिवशिल्पाची प्रतिकृती उत्तम: एकातून एक उमलणाऱ्या सात आकृत्या, पायाशी वाद्यं घेतलेले गण. मूळ शिल्प 1931 साली रस्त्याच्या कामात परळला सापडलं आणि तिथल्याच बारादेवी मंदिरात आहे. मुलं आकृत्या मोजू लागतात, वाद्यांवरून वाद घालतात. कोणाला गप्प करावं लागत नाही.

एक धोका आहे. मूळ पद्धतीत मार्गदर्शक माहिती देत नाही. धार्मिक शिल्पांपुढे ते अती होतं, कारण चुकीचा अंदाज तसाच घरी जातो. म्हणून आधीच सांगून ठेवा: दहा मिनिटं प्रश्न, मग दोन-तीन ठोस गोष्टी.

ऑडिओ गाइड. दोघा-तिघांसाठी छान. आपल्या वेगाने जाता येतं, नको ते गाळता येतं. गटासाठी नको, दहा मिनिटांत सगळे पांगतात. लहान मुलं ऐकण्यापेक्षा बटणं दाबण्यात रमतात, आणि श्रवणयंत्र लावलेल्या आजोबांना वर हेडफोन घातला की शिट्टी ऐकू येते.

स्पर्शाची फेरी. अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी. एका मार्गदर्शकामागे चार ते सहा जण, तासाला तीन-चार वस्तू. पाषाण, कांसे किंवा खास स्पर्शासाठी केलेल्या प्रतिकृती, आणि तेही संग्रहालयाने ठरवलेल्याच. हात धुतलेले, अंगठ्या-घड्याळं काढलेली. वर्णन आधी आकारमानाचं, मग पदार्थाचं, मग वरून खाली. नेहमीची चूक म्हणजे हात लागलेले असताना अखंड बोलत राहणं. बोटं वाचत असतात तेव्हा थांबावं.

कर्णबधिरांच्या फेरीतही गफलत अशीच होते. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याकडे आणि चित्राकडे एकाच वेळी पाहता येत नाही. दुभाषा चित्राच्या शेजारी, उजेडात हवा. आधी सांगणं, मग पाहणं.

गट मिश्र असेल तर? सगळ्यांना थोडंथोडं देण्याच्या नादात कोणालाच काही मिळत नाही. वस्तू कमी करा आणि संवादाची फेरी घ्या. वाक्यागणिक भाषांतर लागणार असेल तर वेळ जवळपास दुप्पट होतो, तेव्हा चाराऐवजी दोनच वस्तू. मराठी गटाने तर मार्गदर्शक मराठीत *प्रश्न* विचारू शकतो का, हेही पाहावं; पाठ केलेलं मराठी व्याख्यान वेगळं.

बुकिंगच्या वेळी आणखी तीन गोष्टी विचारा. चाकाच्या खुर्चीचा रस्ता आणि लिफ्ट: नॅशनल गॅलरीत अर्धवर्तुळाकार दालनं जिन्यांनी टप्प्याटप्प्यांवर जोडलेली आहेत, त्यामुळे तिथे हे आधीच कळायला हवं. घडीची स्टुलं मिळतात का. आणि घुमटाखाली थांबणार आहात का, कारण तिथे आवाज घुमतो आणि मागच्या रांगेपर्यंत नुसता गोंगाट पोचतो.