चाकातला खडा आणि बेअरिंगचं बिल

गाडी खडीच्या रस्त्यावरून बाहेर पडते आणि पुढच्या चाकातून अचानक खर्रर्र आवाज सुरू होतो. गॅरेजवाला चाक जॅकवर उचलतो, हाताने फिरवून आतली खसखस ऐकवतो आणि म्हणतो, "बेअरिंग गेलंय साहेब. अशी नेऊ नका, चाक निखळेल." घाबरलेला माणूस दोन बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं ते), ब्रेकच्या दोन डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी थाळ्या) आणि पॅड (ब्रेक दाबल्यावर डिस्कला घासणारे), सगळ्याला हो म्हणतो. प्रत्यक्षात डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यामध्ये हरभऱ्याएवढा खडा अडकलेला असतो.

असा आवाज आला तर मोकळ्या जागी गाडी दोन-तीनदा मागे-पुढे घ्या. खडा बरेचदा तिथेच गळतो. नाही गळला तर चाक काढून, डिस्क थंड झाल्यावर, तो पत्रा स्क्रू ड्रायव्हरने जरासा मागे वाकवायचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम. यासाठी बेअरिंगचे पैसे घेणं ही उघड लूट आहे.

ऐकवलेली ती खसखस काही पुरावा नव्हे. डिस्क ब्रेकचे पॅड डिस्कला हलके टेकलेलेच असतात, चांगल्या गाडीतही तेवढी खसखस येते. चाक हलवून 'प्ले', म्हणजे ढिलेपणा, दाखवला तर आधी नट बघा. चाकाचे नट ढिले असले की कुठलंही चाक डुगडुगतं. नट घट्ट करायला लावा, मग चाक वरून आणि खालून धरून हलवायला सांगा. तरीही हललं तर बेअरिंगचा संशय. फक्त डावी-उजवीकडे हलत असेल, तर संशय स्टीअरिंगच्या टाय रॉडवर, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्यावर, घ्यायचा.

बेअरिंग खरंच गेलं असेल तर आवाज घूंऽऽ असा येतो, वेगाबरोबर वाढतो आणि ब्रेक दाबला तरी थांबत नाही. रिकाम्या रस्त्यावर ४०-५० च्या वेगात स्टीअरिंग हलकं डावीकडे नेलं की भार उजवीकडे जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग. टायर एकसारखे न झिजता जागोजागी खोलगट झिजले तरी असाच आवाज येतो, म्हणून आधी पुढचे टायर मागे टाकून बघा. आवाजही मागे गेला तर बेअरिंगला हात लावू देऊ नका.

पॅड आणि डिस्क जोडीने बदलतात, हे खरं. बेअरिंगला तो नियम नाही. खराब झालेलं एकच बदला. डिस्क बदलायची म्हणाले तर तिच्यावर कोरलेली किमान जाडी वाचा आणि वर्नियर लावून मोजायला सांगा.

काम देण्याआधी जुन्या भागावर मार्करने खूण करा आणि तोच परत मागा. बेअरिंग प्रेसवर (दाबून बसवायच्या मशीनवर) बसवायला लावा; हातोड्याने ठोकलेलं नवं बेअरिंगही लवकर आवाज करू लागतं. आणि ब्रेक दाबल्यावरच लोखंडावर लोखंड घासल्यासारखं वाटत असेल, तर पॅड संपलेत. तेव्हा गाडी चालवू नका, मेकॅनिकला जागेवर बोलवा.