दाविंची रिझॉल्व्ह (फुकटवालं): शॉर्टफिल्म कापून एडिटिंग शिकायला कसं आहे

सरळ सांगतो, एडिटिंग मनापासून शिकायची असन तर दाविंची रिझॉल्व्ह या कॉम्प्युटरवरच्या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरचं फ्री व्हर्जन टाका, मोबाइलवर किती दिवस रीलच कापत बसता. ब्लॅकमॅजिक डिझाइन म्हणून ऑस्ट्रेलियाची कंपनी आहे, तिचं हे. वॉटरमार्क येत नाई (पैशेवाला इफेक्ट लावला तरच येते), अल्ट्रा एचडीपर्यंत एक्सपोर्ट होते अन् महिन्याभरानं बंद पडायची भानगड नाई.

वडश्याकडचे झाडीपट्टीच्या नाटकात काम करणारे एक काका आमच्या पोरांच्या शॉर्टफिल्ममध्ये बाप झाले, ते फुटेज मी याच्यावर कापलं. स्टेजचा माणूस, प्रत्येक वाक्य मागच्या रांगेला ऐकू जाईन असं बोलते अन् बोलून झालं की टाळीची वाट पाहत थांबते. आता तो थांबा ठेवायचा का उडवायचा, हेच तर एडिटिंग ना भाऊ! एका टाइमलाइनवर (क्लिपा ओळीनं मांडायची पट्टी) डायलॉगला डायलॉग चिकटवून पाहिला तर सीन नुसता पळत सुटला, मंग तीच टाइमलाइन डुप्लिकेट केली अन् ऑल्ट दाबून फक्त चित्राचा कट अलीकडं घेतला, आवाज तसाच ठेवला, म्हणजे काका बोलूनच राहिले अन् आपल्याला दिसते पोराचं खाली घातलेलं तोंड. याला एल-कट म्हणतात. टेक तेच, डायलॉग तेच, पण बाप एकदम बिचारा वाटायला लागला. एकाच सीनच्या अशा दोन-चार टाइमलाइन करा अन् लागोपाठ पाहा, जे-के-एल बटनांवर मागं-पुढं करत, कोणत्याही कोर्सपेक्षा जास्त कळते असं माझं मत.

आता लॅपटॉपचं. कंपनी 16 जीबी रॅम सांगते, फ्यूजन (त्यातला इफेक्ट बनवायचा भाग) वापरायचं तर 32, अन् आपल्याकडं बहुतेकांजवळ 8 जीबीवाला. तेवढ्यावर मोबाइलचं 4के फुटेज थेट चालवलं तर अडकत अडकतच चालते. उपाय त्यातच आहे, क्लिपवर राइट क्लिक करून प्रॉक्सी (फुटेजची हलकी कॉपी) बनवायला लावा अन् जेवायला जा, नाहीतर प्लेबॅक मेनूत टाइमलाइनचं रिझोल्यूशन अर्धं-पाव करा, एक्सपोर्ट होते पुऱ्या क्वालिटीतच. अन् फुटेज घ्यायच्या आधीच फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) ठरवा, मंग प्रोजेक्टचा तो बदलू देत नाई. लाइव्ह सेव्ह (काम आपोआप सेव्ह होणं) चालू आहे का तेही पाहून घ्या, आपल्याकडं लाइन कधी जाईन सांगता येत नाई अन् जुन्या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे नावाचीच.

आवाजासाठी फेअरलाइट पेज वेगळं आहे. वावरात शूट केलं की मागं मोटरपंपाची घरघर येतेच, त्यातली विजेची गूं-गूं असते ती डी-हमर लावून 50 हर्ट्झवर ठेवली की बरीच कमी होते. वाऱ्याचा फडफडाट मात्र निघत नाई, तो शूटच्या वेळीच माइकवर कापड बांधून सांभाळा बाप्पा.

तक्रार एकच, कलर पेज (रंग सुधारायचं पान) लय भुरळ घालते. पोरं सीन धड जोडायच्या आधी तिथं जाऊन सगळं पिवळं-निळं करत बसतात. कट लॉक, म्हणजे पक्का, होईपर्यंत त्याला हात लावू नका.

स्वतःचं फुटेज नसन तर कंपनीच्या साइटवर ट्रेनिंगची पुस्तकं अन् त्यासोबतचं फुटेज फुकट मिळते. इंग्रजी आहे अन् फाइली जड आहेत, तालुक्याला नेट चांगलं असन तिथून उतरवून आणा.

पैशेवालं स्टुडिओ व्हर्जन 295 डॉलरचं, एकदाच भरायचे, म्हणजे आपले 25 हजारांच्या वर. त्यात रात्रीच्या शूटमधले दाणे काढायचं नॉइज रिडक्शन अन् आवाज वेगळा काढायचं व्हॉइस आयसोलेशन मिळते. लग्नाचे व्हिडिओ करून कमावते त्यानं खुशाल घ्यावं. शिकणाऱ्याजवळ पैसे आलेच तर आधी रॅम वाढवा.