पेडेस्टल पंख्यापुढची पवनचक्की

सोलापुरात मी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून हसायचं तर मनसोक्त हसा.

आमची वस्ती मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, काळ्या रानात, गावठाणापासून दोन किलोमीटर आत. लाइन ओढायची तर चौदा खांब लागणार होते. कोटेशन ऐकून अण्णा म्हणाले, "त्यात अजून एक बोअर होतंय की." जिल्ह्यात फताटेवाडीला 1,320 मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे, उजनीवर 12 मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे, आणि आमची आई रात्री गोठ्यात जाताना हातात बॅटरी घेते.

पर्याय आम्ही नीट बघितले होते. चुलतभावाचा डिझेल जनरेटर आठवडाभर चालवला. लिटरमागे जेमतेम दोन-अडीच युनिट, आणि त्या आवाजानं म्हैस दूध चोरायला लागली. गोबर गॅसचं म्हणाल तर दोन जनावरांचं शेण वीस-बावीस किलो. त्यातून घनमीटरभरही गॅस होत नाही. एकवेळचा स्वयंपाक होईल, पंखा नाही फिरणार. राहता राहिलं सौर. इथवर आमचं बरोबर चाललं होतं.

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत एका माणसाशी गाठ पडली. टेबलावर हातभर पवनचक्की, तिच्यासमोर पेडेस्टल पंखा, आणि चक्कीला जोडलेला इवलासा बल्ब लखलखतोय. पंखा किती वॉट खातोय आणि बल्ब किती, एवढंच विचारायला हवं होतं. अण्णा बल्बाकडे बघत होते, मी अण्णांकडे.

"सर, सौर फक्त दिवसा. चक्की रात्रंदिवस. दोन किलोवॅट गुणिले चोवीस तास, रोजची अठ्ठेचाळीस युनिटं. तुम्हीच गुणाकार करा."

मी केला. गुणाकार बरोबर होता.

सौदा ठरला 2,40,000 ला. दोन किलोवॅटची चक्की, 335 वॉटची चार पॅनेलं, 150 अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या. त्यातले 78,000 सबसिडी म्हणून परत येणार. दोन हप्त्यांत 1,60,000 फोनवरून पाठवले. आता सबसिडीचा आकडा खराच आहे, पण तो पीएम सूर्यघर योजनेतला. 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या, लाइनला जोडलेल्या छतावरच्या संचासाठी. अर्जात वीजजोडणीचा ग्राहक क्रमांक टाकावा लागतो. ज्याच्या घरी मीटरच नाही त्यानं तो आणायचा कुठून?

फाल्गुनात चक्की उभी राहिली. फिरेना. "आषाढात बघा," म्हणाला. आषाढात वारा सुटला, चक्की गरगरली, आणि कंट्रोलरवर आकडा दिसला 40. कधी 60. किलोवॅट नव्हे, वॉट.

तेव्हा कुठं मी टेप घेऊन बसलो. पात्यांचा व्यास दीड मीटर, म्हणजे वारा अडवणारं वर्तुळ पावणेदोन चौरस मीटरचं. सेकंदाला 12 मीटर, म्हणजे ताशी 43 किलोमीटरचा वारा धरला, तरी त्या वर्तुळातून जाणाऱ्या हवेत सगळी मिळून सुमारे 1,800 वॉट ताकद. त्यातली 59 टक्क्यांहून जास्त कुठल्याही चक्कीला काढता येत नाही. हा भौतिकशास्त्राचा नियम, कंपनी कुठलीही असो. म्हणजे "दोन किलोवॅट" एवढ्या जोराच्या वाऱ्यातसुद्धा अशक्य. शिवाय वाऱ्याचा वेग निम्मा झाला की ताकद निम्मी नाही, एक-अष्टमांश होते. घनाचं प्रमाण मी पोरांना दरवर्षी शिकवतो.

पॅनेलचं बिंग त्याआधीच, वैशाखात फुटलं होतं. पुतण्या पॅनेलखाली सावलीला बसला होता. उन्हानं गोंद मऊ झालेला, त्यानं चाळा म्हणून मागचं लेबल नखानं सोललं. खाली दुसरं लेबल, पिवळं पडलेलं: 250 वॉट. समोरून चौकटी मोजल्या तर सहा गुणिले दहा, साठ. त्या जातीच्या 335 वॉटच्या पॅनेलला बहात्तर असतात. वरच्या लेबलवर 46 व्होल्ट, मल्टीमीटरवर 34. उन्हात व्होल्ट उतरतात हे खरं, पण इतके नाही. चक्कीवाल्याला फोन लावला, तर "आषाढापर्यंत थांबा, मग सगळं एकदम बघू." आणि आम्ही थांबलो!

सगळ्यात जास्त कशानं लागलं, तर आमची गरज मी हिशेब करून कधी मांडलीच नव्हती. पाच बल्ब, दोन पंखे, टीव्ही, मोबाइल. दिवसाला पावणेदोन युनिट. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटची धड पॅनेलं निरभ्र दिवशी चारेक युनिट देतात. म्हणजे चक्की आम्हाला मुळात लागतच नव्हती. कुणी किलोवॅट सांगू लागला की त्याला विचारा: महिन्याला युनिट किती, आणि पौष-माघात किती? तेही पक्क्या बिलावर लिहून घ्या. आमची पावती वहीच्या पानावर आहे, "ॲडव्हान्स मिळाला" एवढीच. जीएसटी क्रमांक नाही.

ऑनलाइन पैसे गेले तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर तासाभरात फोन करायचा असतो. आम्ही केला चार महिन्यांनी. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची. सुनावणीच्या पहिल्या तारखेला चक्कीवाला आला नाही.

चक्की उतरवू म्हटलं तर अण्णा म्हणाले, राहू दे, ज्वारी हुरड्यात आली की पाखरं तरी हाकलेल. पण तेव्हा वारा पडलेला असतो. पाखरं तिच्याच शेपटीवर ओळीनं बसतात आणि खाली कणसं बघतात.