हीट पंप उत्तम, पण त्याचं पाणी कुठे पडतं ते आधी बघा: औलूतल्या पहिल्या हिवाळ्यानंतर

यंत्राच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझं भांडण ते बसवणाऱ्यांशी आहे, आणि त्यांचंही नाव इथे नको. भिंतीवरचा साधा एअर-टू-एअर हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून घरातली हवा गरम करणारं, उलट्या एसीसारखं यंत्र: एक भाग घरात, एक डबा बाहेर. उत्तरेतल्या थंडीसाठीचं मॉडेल. क्षमता, गॅस, आवाज किती डेसिबल, हे तुम्ही माहितीपत्रकात वाचलंच असेल. बाहेरच्या डब्यातून गळणाऱ्या पाण्याबद्दल तिथे एक ओळ असते, आणि माझा सगळा हिवाळा त्या एका ओळीत गेला.

ऑगस्ट 2023 मध्ये आम्ही हेलसिंकीजवळचा फ्लॅट सोडून फिनलंडच्याच उत्तरेकडच्या औलू शहरात आलो. फ्लॅटमध्ये हीटिंग भाड्यातच होतं, त्यामुळे घर गरम ठेवायला काय पडतं याचा कधी विचारच केला नव्हता. इथे ऐंशीच्या दशकातलं स्वतंत्र घर, प्रत्येक खिडकीखाली विजेचा हीटर, मधोमध विटांची लाकडावरची शेगडी, आणि विजेचा करार तेव्हा तासागणिक बदलणाऱ्या बाजारभावाचा. शेजारच्या आजोबांनी पहिल्याच आठवड्यात घराला एक फेरी मारली आणि सांगितलं: लाकडं आत्ताच घ्या, पंप ऑक्टोबरच्या आत बसवा, गाडीचे हिवाळी टायर रांग लागायच्या आधी बदला. आम्ही तंतोतंत तसं केलं.

लाकडं बर्चची घेतली. ती मोकळ्या ढिगाच्या घनमीटरवर विकतात आणि रचून ठेवलेल्या घनमीटरवरही, आणि दोन्हींत खूप फरक पडतो. भाव विचारताना हे आधी विचारा.

पंप सप्टेंबरच्या शेवटी बसला. यंत्र आणि मजुरी मिळून दोन हजार युरोंच्या थोडं वर. मजुरीच्या भागावर तेव्हा 40 टक्के करवजावट मिळत होती, म्हणून बिलात यंत्र आणि मजुरी वेगळी लिहून घेतली. बसवणारा परवानाधारक होता, काम तीन-चार तासांत आटोपलं, भिंतीला एकच भोक. मी तेव्हा खूश होते. फक्त बाहेरचा डबा त्यांनी पुढच्या पायऱ्यांशेजारी लावला. नळी लांबवली तर पैसे वाढतील म्हणाले, आणि पैसे वाढतील हे ऐकल्यावर आमच्या घरात पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

ऑक्टोबर सुंदर गेला. आई साताऱ्याहून आली होती, ती सकाळी उठून सरळ पंपासमोर खुर्ची टाकून बसायची. विरजण लागत नव्हतं ते लागायला लागलं. खोबरेल तेल मात्र डिसेंबरात घट्टच राहिलं, आईने बाटली शेगडीच्या कठड्यावर नेऊन ठेवली.

मग नोव्हेंबर आला, शून्याच्या आसपासचा, समुद्रावरून येणारा ओला नोव्हेंबर. हीट पंपाला कडाक्याच्या थंडीपेक्षा हे हवामान जास्त छळतं, कारण हवेत बाष्प भरपूर असतं. ते बाहेरच्या जाळीवर दहिवरासारखं साचतं, मग यंत्र थोडा वेळ उलटं चालून ते वितळवतं, आणि पाणी तळाच्या ताटलीतून खाली पडतं. आमच्या घरी ते पायऱ्यांवर पडत होतं. रोज सकाळी सात वाजता, मिट्ट काळोखात, पहिलीतली मुलगी दप्तर घेऊन ज्या वाटेने निघते त्या वाटेवर काचेसारखा बर्फ. मी वाळू टाकायचे, दुपारी वरून नवा थर. आईला तर मी हात धरल्याशिवाय बाहेर पडू दिलं नाही.

बसवणाऱ्या कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं: दमट हवेत हे नैसर्गिक आहे. पाणी पडणं नैसर्गिक आहेच. ते माणसांच्या पायाखाली पडेल अशा जागी डबा लावणं हा माणसाचा निर्णय असतो. दुसऱ्या पत्राला त्यांनी ताटलीतल्या गरम तारेचं सांगितलं. ती तार ताटलीत पाणी गोठून पंख्यापर्यंत चढू नये म्हणून असते. तिने यंत्र वाचतं, पायरी नाही.

आता या तारेबद्दल. घरच्यांना हे ऐकून ऐकून कंटाळा आलाय, तरी सांगते. आमची तार साधारण 100 वॉटची आहे आणि ती सरळ सॉकेटला जोडून ठेवली होती. काही यंत्रांत ती फक्त बर्फ वितळवताना चालते. आमच्यात तो संबंधच नाही, म्हणजे बाहेर दहा अंश असले तरी तार तापलेली. दिवसाला 2.4 युनिट, महिन्याला 72. पैशांत बघितलं तर फार नाही. पण वीज वाचवायला घेतलेलं यंत्र चोवीस तास ताटली तापवत बसतं हे मला सहन होत नाही. शेवटी बाहेर चालणारा थर्मोस्टॅटचा प्लग आणला. शून्याच्या जवळ आलं की तार चालू, वर गेलं की बंद. हे पहिल्या दिवशी बसवणाऱ्यानेच करायला हवं होतं.

इथपर्यंतचं मी नोव्हेंबरातच लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी दोन गुण देणार होते. नंतरच्या दोन गोष्टींनी मत बदललं.

पहिली गोष्ट मुलांच्या कपड्यांची. धाकटा पाळणाघरातून येतो तेव्हा त्याचा बर्फातला अंगरखा, हातमोजे, बुटांचे आतले मोजे, सगळं चिंब. आतल्या यंत्राच्या हवेच्या झोतात जमिनीवर कपड्यांचा स्टँड ठेवला, आणि सकाळी सगळं कोरडं. दुसरा जोड घ्यावा लागला नाही. हे कुठल्याही जाहिरातीत नसतं आणि माझ्या मते लहान मुलांच्या घरासाठी हा याचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

दुसरी गोष्ट 5 जानेवारी 2024. त्या दिवशी पार उत्तरेतल्या एनोन्तेकिओ गावाला उणे 44.3 नोंदलं गेलं, आमच्या अंगणात तीसच्या आसपास. दुसऱ्या दिवसाचे दर आदल्या दुपारी कळतात, ते बघून आम्ही दोघं गप्पच झालो. संध्याकाळी 7 ते 8 या तासाला युनिटला करासकट 2.35 युरो. एरवी आम्ही दहा सेंटला महाग म्हणतो. (सहाच आठवड्यांपूर्वी, 24 नोव्हेंबरला, बाजारातल्या एका चुकीच्या बोलीने भाव शून्याच्याही खूप खाली गेले होते. त्या रात्री आम्ही घरातला प्रत्येक हीटर चालू केला होता.) एवढ्या थंडीत तेवढ्याच विजेत पंपाकडून मिळणारी ऊब फार घटते, साध्या हीटरपेक्षा थोडीच जास्त. म्हणून आदल्या रात्री आणि पहाटे दोनदा शेगडी पेटवली, पंप कमीत कमी तापमानावर ठेवला, झोपायच्या खोल्यांची दारं लावून चौघं हॉलमध्ये राहिलो. खिचडी शेगडीच्या भट्टीतच शिजवली. निखारे पूर्ण विझेपर्यंत धुराड्याची झडप बंद करायची नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही, हे आजोबांनी तीनदा बजावलं होतं. विटा दुसऱ्या दिवसापर्यंत गरम राहिल्या. आणि त्या कडक, कोरड्या थंडीत पायऱ्यांवर बर्फ जवळजवळ नव्हताच. यंत्र बंद पडलं नाही, कुरकुरलं नाही. तेव्हा गुण चारवर नेले. फेब्रुवारीत हवा पुन्हा ओली झाली आणि पायऱ्या पुन्हा काचेच्या झाल्या, तरी चार कायम ठेवलेत.

वापराबद्दल थोडं. खिडक्यांखालचे हीटर 17 वर आणि पंप 21 वर ठेवा, नाहीतर हीटरच सगळं काम करतात आणि पंप नुसता फिरतो. पंखा जोरात ठेवा. स्वयंपाकघर उघडं असेल तर फिल्टर दर दोन आठवड्यांनी धुवा. पुस्तिकेत लिहिलेला काळ फोडणी न करणाऱ्यांसाठी आहे. आमचा फिल्टर चिकट पिवळा निघतो. लांबच्या खोल्यांपर्यंत ऊब पोचत नाही, ती आशा नको.

मे महिन्यात डबा घराच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून गुडघाभर वर हलवून घेतला. खाली खडी टाकली, तिथून कोणी चालत नाही. काम दुसऱ्यांकडून केलं. करार करण्याआधी हे कागदावर लिहून घ्या: पाणी नेमकं कुठे पडणार, डबा जमिनीपासून किती वर असणार, तार कशाने चालू-बंद होणार. आमच्या कोटेशनमध्ये ‘पाण्याचा निचरा समाविष्ट’ असं होतं, आणि भरपाईची माझी सगळी मागणी त्या तीन शब्दांवर उभी आहे. सरकारी ग्राहक सल्ला सेवा मोफत आहे; त्यांनी तक्रार लेखी द्यायला सांगितलं, ती दिली. आधी बसवणाऱ्या कंपनीने डबा हलवण्याच्या खर्चाचा तिसरा हिस्सा देऊ केलाय. आम्ही अर्धा मागतोय. नाही जमलं तर ग्राहक तंटा मंडळाकडे जाणार, तिथेही शुल्क नाही.